ब्रेक ऑइल कमी होते तेव्हा



वसतिगृह, शाळा आणि दवाखान्याच्या बातम्या या अंकात इतर पानांवर आहेतच. मला या वेळी आपल्या पिकअप गाडीविषयी लिहायचे आहे. ही गाडी तुम्हा सर्वांच्या देणग्यांतून आली. पाड्यांवर धान्य आणि औषधे पोचवणे, बचत गटांचा माल बाजाराला नेणे ही कामे तिच्यावरच चालतात. गेल्या मे महिन्यात चांदसैली घाटात तिचे ब्रेक निकामी झाले. देवाच्या दयेने कोणाला इजा झाली नाही. पण हे कसे घडले ते तुम्हाला सांगितले पाहिजे, कारण त्यात मोठी चूक माझी होती. शिवाय तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, शेतावर किंवा मंडळीत अशी गाडी असेल. आमची चूक तुमच्याकडून होऊ नये.

घाटात काय झाले

उन्हाळ्यात धडगावच्या बाजूला घरोघरी आमचूर होते. बाया कैऱ्या सोलतात, चिरतात, उन्हात वाळवतात. पावसाळ्याआधीचे बियाणे, किराणा आणि मुलांची वह्या-पुस्तके त्या पोत्यांच्या भरवशावर असतात. त्या दिवशी गटाची पोती घेऊन आम्ही तळोद्याला उतरत होतो. पुढे ड्रायव्हरदादा, मी आणि गटातल्या एक आजी. निघायला उशीर झाला होता, म्हणून "जरा लवकर घ्या" असे मीच म्हणालो होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आणि दादांचा पाय सारखा ब्रेकवर.

निम्म्या उतारावर दादा हळूच म्हणाले, "सर, पॅडल खोल चाललंय." पुढच्या वळणाआधी त्यांनी पाय दाबला तो सरळ तळाला टेकला. त्यांनी पॅडल भराभर दाबत गिअर दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डाव्या हाताच्या दरडीला घासत नेऊन चरीत थांबवली. बंपर वाकला, एक दिवा फुटला, एक पोते फाटले. आजींनी खाली उतरून आधी पोती मोजली.

पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. मागच्या डाव्या चाकाच्या आतली बाजू ओली होती. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा थोडे वर आले, तेव्हा मी म्हणालो, "आला की ब्रेक. सावकाश जाऊ." दादांनी मान हलवली. "नाही सर. थंड झालं म्हणून वर आलंय. पुन्हा तापलं की पुन्हा जाईल." त्यांचे ऐकले. पोती दुसऱ्या गाडीने गेली आणि आमची गाडी मागून ओढून नेली.

ब्रेक काम कसे करतो

गॅरेजवाल्यांनी मला हे समजावले ते असे. दोन सिरिंजमध्ये पाणी भरा आणि त्या सलाइनच्या नळीने जोडा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो, कारण पाणी दाबून लहान होत नाही. गाडीतही हेच आहे. आपण पॅडल दाबतो, मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चारी चाकांकडे ढकलले जाते आणि तिथे पॅड किंवा लायनर चाकाला आवळले जातात. आता नळीत हवेचा बुडबुडा शिरला, तर आपला जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. म्हणून हवा शिरलेल्या ब्रेकचे पॅडल स्पंजासारखे मऊ लागते.

आजकालच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन भाग असतात. एक भाग गळून रिकामा झाला तरी दुसऱ्याच्या जोरावर निम्मा ब्रेक उरावा, अशी ती सोय आहे. आपल्या गाडीत पुढच्या चाकांचा एक आणि मागच्यांचा एक असे दोन भाग आहेत. मागच्या डाव्या चाकातल्या छोट्या सिलिंडरचे रबर झिजले होते. तिथून ऑइल झिरपत होते आणि लायनरही ओले होऊन घसरत होते. उतारावर मागचा ब्रेक जवळजवळ संपला आणि सगळा भार पुढच्या चाकांवर आला.

तो भार किती असतो? मालासह अडीच टन वजनाची गाडी ३०० मीटर खाली उतरली आणि तिला सर्व वेळ ब्रेकनेच आवरले, तर तयार होणाऱ्या उष्णतेत २० लीटर थंड पाणी उकळेल. ती सारी उष्णता दोन चाकांत कोंडली. त्यात आमचे ऑइल जुने होते. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेते आणि पाणी मुरले की ते लवकर उकळते. डॉट ३ प्रकारचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पॅडल तळाला गेले ते त्यामुळे. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल झाले आणि पॅडल वर आले. दादांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

माझी चूक

घटनेच्या तीन आठवडे आधी दादांनी मला सांगितले होते, "मागच्या चाकाला ओल दिसते. गाडी एक दिवस गॅरेजला टाकावी लागेल." आमचुराचा हंगाम होता आणि दुरुस्तीसाठी ठेवलेली रक्कम संपली होती. मी म्हणालो, "सध्या ऑइल भरा, पुढच्या महिन्यात बघू." नंतर हिशेबाची वही उघडली, तर तेवढ्या दिवसांत ब्रेक ऑइलच्या चार बाटल्यांची व्हाउचर मिळाली. चारींवर सही माझीच.

ब्रेक ऑइल डिझेलसारखे जळून संपत नाही. पॅड झिजतात तशी डबीतली पातळी महिनोन्महिने थोडी थोडी उतरते, तेवढेच. ती भराभर उतरत असेल तर ते कुठेतरी गळतेच आहे. बहुतेक गाड्यांत ऑइल कमी झाले की लाल दिवा लागतो. आम्ही सारखे भरत राहिलो, त्यामुळे तो दिवाही लागला नाही. गाडी सांगू पाहत होती आणि आम्ही तिचे तोंड बंद करत होतो. त्यातच अर्धी उघडी बाटली सीटखाली पडून दमट होत होती, आणि तीच पुन्हा डबीत जात होती.

निघण्यापूर्वी काय पाहावे

याला पाच मिनिटे लागतात. बॉनेट उघडून ऑइलची पातळी खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये आहे ना, ते पाहा. चारी चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांवर आणि रबरी होजवर ओल किंवा भेगा आहेत का, ते पाहा. इंजिन सुरू करून पॅडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल, तर बाहेर थेंबही दिसत नसताना मास्टर सिलिंडर आतून गळत असू शकतो. पॅडल मऊ लागले, नेहमीपेक्षा खोल गेले किंवा दोनदा दाबावे लागले, तर गाडी बाहेर काढू नका.

ऑइल टोपणावर लिहिलेल्या प्रकारचेच आणि सीलबंद बाटलीतले घ्या. इंजिन ऑइल किंवा डिझेल त्यात कधीही टाकू नका, सगळी रबरे फुगून निकामी होतात. गळती नसली तरी दर दोन वर्षांनी जुने ऑइल काढून नवे भरा आणि नळ्यांतली हवा काढून घ्या.

घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका आणि इंजिन बंद तर मुळीच करू नका. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा दाबताच पॅडल दगडासारखे घट्ट होते. उतारावर ब्रेक गेलाच, तर पॅडल भराभर दाबा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा, हॉर्न वाजवत राहा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या.

आता काय बदलले

दुरुस्तीत मागच्या दोन्ही सिलिंडरची रबर किट, लायनर, पुढचे पॅड आणि सगळे ऑइल नवे टाकले. तीन आठवडे आधी गाडी गॅरेजला टाकली असती तर यातले बरेचसे, आणि बंपर व दिव्याचा खर्च पूर्ण, वाचला असता. आता गाडीची तपासणी-वही ठेवली आहे. दादांनी सही केल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि त्यांनी नाही म्हटले तर मलाही हो म्हणता येत नाही. मागच्या हौद्यात माणसे बसवायची नाहीत, हा नियमही कडक केला आहे. लग्नाला, बाजाराला जाणारे लोक रस्त्यात हात करतात, त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो. पण मालवाहू गाडीत माणसे नेणे कायद्याला मान्य नाही. त्या दिवशी हौद्यात पोत्यांऐवजी माणसे असती तर, हा विचार अजून माझी झोप मोडतो.

शेवटी एक विनंती. नव्या गाडीसाठी देणगी मागितली की तुम्ही मोकळ्या हाताने देता, पण रबर किट आणि ब्रेक ऑइलसाठी मागायला आम्हीच संकोचतो. यापुढे संकोचणार नाही. वार्षिक हिशेबात 'गाडी देखभाल' हा वेगळा रकाना दिसेल, त्यालाही हातभार लावा. प्रत्येक फेरीपूर्वी आम्ही प्रार्थना करून निघतो, तशी तुम्हीही आमची आठवण ठेवा. प्रार्थनेआधी बॉनेट उघडून पाहायचे काम आता आमच्याकडे.