‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून

‘कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहा’ याची आपल्या मुलांना इतकी सवय झालेली असते, की पडद्यावर काहीही दाखवलं तरी पहिला प्रश्न येतो, “पण याचा अर्थ काय?” १९२०च्या दशकातले अतिवास्तववादी लघुपट बघताना नेमका हाच प्रश्न आडवा येतो. अतिवास्तववाद म्हणजे स्वप्नात चित्रं जशी एकामागून एक येतात, तशीच ती मांडणं.

लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांचा ‘अं शियां अंदालू’ (१९२९) घ्या. नावाचा अर्थ ‘अंदालुसियाचा कुत्रा’, पण चित्रपटात कुत्राही नाही आणि अंदालुसियाही नाही! ज्याचं तर्काने स्पष्टीकरण देता येईल असं एकही दृश्य घ्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलंच होतं. मधेच ‘आठ वर्षांनंतर’ अशी पाटी येते आणि बदललेलं काहीच नसतं. पाटी वाचून आपण लगेच गोष्ट जुळवायला लागतो, ती सवयच इथे पकडली जाते.

पण पालकांनो, हा चित्रपट मुलांना दाखवू नका. सुरुवातीलाच वस्तऱ्याने डोळा कापण्याचं दृश्य आहे. (डोळा मेलेल्या वासराचा होता, तरी बघवत नाही.) त्याऐवजी हान्स रिश्टरचा १९२८चा छोटा मूकपट दाखवा, ज्यात टोप्या माणसांच्या डोक्यावरून उडून जातात. मुलं खदखदून हसतात. नाझींनी याच चित्रपटाची ध्वनिप्रत नष्ट केली, हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. उडणाऱ्या टोप्यांची भीती का वाटावी, यावर आठवीची मुलं छान बोलतात.

हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९)मध्ये मंदाकिनी फाळके आधी नुसते चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होते. कॅमेऱ्याची करामत दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की कृष्णाची गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते, टोप्यांची नसते. फाळक्यांचे असे मूकपट आज बघायला मिळतात, ते आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि पी. के. नायर यांनी जपले म्हणून. पुढे फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांनी ‘आबिद’ (१९७२) केला. चित्रकार आबिद सुरती यांना त्यांनी एकेक फ्रेम थांबवत, कार्टूनसारखं चित्रित केलं. सरकारी पैशातून असं काही झालं, याचं मला अजून नवल वाटतं.

चित्रपट संपल्यावर अर्थ विचारू नका. कशानंतर काय आलं, एवढंच लिहायला सांगा. दोन मुलांच्या याद्या जुळत नाहीत, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

मग मोबाइल घ्या. एका मुलाला मैदानात मांडी घालून बसवा, फोटो काढा, त्याला वीतभर पुढे सरकवा, पुन्हा फोटो. सेकंदाला १२ फोटो धरले तर पाच सेकंदांना ६० लागतात. सलग लावले की पोरगं बसल्या बसल्या मैदानभर धावतं. तेवढी चड्डी मळणार, हे पालकांना आधी कळवा.