जोडासांकोचे कुटुंबजीवन

उत्तर कलकत्त्यात चितपूर रस्त्यापासून आत जाणाऱ्या एका अरुंद गल्लीच्या टोकाशी ठाकूर घराण्याचा जुना वाडा उभा आहे. नीलमणी ठाकुरांनी 1784 साली या जोडासांको भागात बिऱ्हाड केले. त्यांचे नातू द्वारकानाथ यांनी पुढे शेजारीच पाहुण्यांच्या सरबराईसाठी दुसरी इमारत बांधली. आज तेथे रवींद्र भारती विद्यापीठ व संग्रहालय आहे. परंतु गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, मुलगे, सुना, मुली, घरजावई, नातवंडे, आश्रित नातेवाईक आणि नोकरदासी यांची एक लहानशी वसाहतच येथे नांदत होती.

मोठी एकत्र कुटुंबे त्या काळी बंगालमध्ये पुष्कळ होती. या घराचे वेगळेपण असे की, त्याच्या कर्त्या पुरुषाने नव्या धर्ममतानुसार संसार चालविण्याचा निश्चय केला होता. द्वारकानाथांचे ज्येष्ठ पुत्र देवेंद्रनाथ यांनी 1843 साली ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. एकच निराकार ईश्वर मानावयाचा, मूर्तीला स्थान द्यावयाचे नाही, असे हे मत. 1846 साली द्वारकानाथ लंडनमध्ये वारले, तेव्हा देवेंद्रनाथांनी शाळिग्रामावाचून श्राद्ध करण्याचा आग्रह धरला व अनेक आप्त त्यांना दुरावले. पुढे धाकटे बंधू गिरींद्रनाथ यांच्या पश्चात त्यांच्या विधवा पत्नी योगमाया देवी यांनी कुलदैवत लक्ष्मीजनार्दन सोडण्यास नकार दिला. देव घेऊन त्या मुलांसह शेजारच्या इमारतीत राहावयास गेल्या. अशा रीतीने एकाच आवारात दोन घरे झाली. एका घरात देवाची पूजाअर्चा चालू राहिली, तर दुसऱ्यात उपनिषदांतील मंत्रांनी उपासना होऊ लागली.

मूर्ती दूर करणे त्यामानाने सोपे होते. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या संस्कारांचे काय करावयाचे, हा प्रश्न अधिक अवघड होता. देवेंद्रनाथांनी संस्कार टाकले नाहीत, त्यांतील मूर्तिपूजेचा भाग तेवढा गाळला. 1861 साली त्यांची द्वितीय कन्या सुकुमारी हिचा विवाह या नव्या पद्धतीने झाला. शाळिग्राम नव्हता, पण लौकिकाच्या बहुतेक रीती तशाच होत्या. 1873 साली रवींद्रनाथ, त्यांचे बंधू सोमेंद्रनाथ आणि भाचा सत्यप्रसाद या तिघांची मुंज झाली. मुंडन झाले, गायत्रीमंत्र मिळाला, आणि तीन बटूंनी नियमाप्रमाणे तीन दिवस माडीवरील एका खोलीत एकांतवासात काढले. रवींद्रनाथांच्या आठवणींवरून पाहता, त्या एकांतात ध्यानापेक्षा खोड्याच अधिक झाल्या असाव्यात!

एरवीचा दिनक्रम कडक होता. देवेंद्रनाथ बहुधा प्रवासात असत. ते घरी आले की सारा वाडा दबक्या पावलांनी वावरू लागे आणि शारदादेवी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसत. ते नसले म्हणजे लहान मुलांवर नोकरांचे राज्य चाले. श्याम नावाचा नोकर बालरवींद्राभोवती खडूने वर्तुळ आखून त्याबाहेर पाऊल न टाकण्याची ताकीद देई, आणि रामायण ऐकलेला तो मुलगा सीतेची कथा आठवून खरोखरच जागचा हलत नसे. वर्षाचा मोठा सण म्हणजे माघ महिन्याच्या अकराव्या दिवशीचा माघोत्सव. त्यासाठी घरातील मंडळी नवी ब्रह्मसंगीते रचीत.

मात्र एका बाबतीत धर्मसुधारणेचा हात आखडताच राहिला, आणि ती बाब स्त्रियांची होती. ठाकूर हे पिराली ब्राह्मण, म्हणजे मुसलमानांच्या संसर्गाचा ठपका येऊन इतर ब्राह्मणांनी पंक्तीबाहेर टाकलेले. त्यामुळे सुना जेसोर-खुलना भागातील मोजक्या घरांतून आणाव्या लागत आणि लग्नानंतर जावई बहुधा सासरीच राहत. देवेंद्रनाथांनी थोरली मुलगी सौदामिनी हिला 1851 साली बेथ्यून शाळेत घातले, अंतःपुरात शिक्षक आणला. परंतु मुलींची लग्ने लहान वयातच होत राहिली. ज्योतिरिंद्रनाथांची पत्नी कादंबरी 1868 साली नऊ वर्षांची असताना घरात आली. रवींद्रनाथांच्या पत्नीचे 1883 साली लग्न झाले, तेव्हा ती दहाएक वर्षांची होती, आणि तिचे भवतारिणी हे नाव सासरी बदलून मृणालिनी करण्यात आले.

या चौकटीला पहिले तडे उपासनेने नव्हे, तर घराबाहेर पडण्याने गेले असे म्हणावे लागते. आरंभी स्त्रियांना गंगास्नान घडे ते बंद पालखीत. भोई पालखीसकट त्यांना पाण्यात बुडवून काढीत. देवेंद्रनाथांचे द्वितीय पुत्र सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत निवडलेले पहिले भारतीय. 1864 साली मुंबई इलाख्यात रुजू होताना त्यांनी पत्नी ज्ञानदानंदिनी यांना बरोबर नेण्याचे ठरविले. कुलस्त्रीने सर्वांदेखत देवडीतून गाडीत बसणे वडिलांना मान्य नव्हते, म्हणून त्या पालखीतून जहाजापर्यंत गेल्या. मुंबईत माणेकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबात राहून त्यांनी मोकळा वावर पाहिला. घरातल्या पातळ एकेरी साडीत परक्यांसमोर जाणे अशक्य होते. पारशी स्त्रियांची नेसण थोडी बदलून, झंपर व परकरासह, त्यांनी ती अंगीकारली. 1866 साली त्या कलकत्त्यास परतल्या आणि लाटसाहेबांच्या मेजवानीस गेल्या, तेव्हा त्याच घराण्यातील प्रसन्नकुमार ठाकूर लज्जेने तेथून निघून गेले. पुढे ज्योतिरिंद्रनाथ व कादंबरीदेवी घोड्यांवर बसून मैदानापर्यंत फेरफटका करू लागले. ज्या देवडीतून पालखीच बाहेर पडावयाची, तिच्यातूनच हे घोडे निघत.

मुलग्यांची स्थिती निराळी होती. मुंजीनंतर देवेंद्रनाथ रवींद्रनाथांना घेऊन बोलपूर, अमृतसर आणि तेथून डलहौसीच्या डोंगरात गेले. प्रवासात त्यांनी या बारा वर्षांच्याही आतल्या मुलाकडे पैशांची पेटी सोपविली, घड्याळाला किल्ली देण्याचे काम दिले, आणि त्याला डोंगरांत एकटे हिंडू दिले. खडूच्या वर्तुळात बसणाऱ्या मुलावर एवढा विश्वास टाकणारे वडील सुनांच्या बाबतीत देवडीचा नियम पाळीत होते, हे विसरता येत नाही.

विधवांच्या प्रश्नावर तर हा नियम अधिकच कठोर ठरला. नातू बलेंद्रनाथ 1899 साली तरुण वयात वारले. त्यांची पत्नी साहाना हिचा पुनर्विवाह करण्याचा विचार तिच्या माहेरी चालला आहे असे समजताच, देवेंद्रनाथांनी रवींद्रनाथांना अलाहाबादेस पाठविले व तिला परत आणविले. रवींद्रनाथांनी ती आज्ञा पाळली. 1901 साली त्यांनी स्वतःच्या दोन मुलींची लग्ने केली, त्यांपैकी रेणुका अवघी दहा वर्षांची होती. 1905 साली देवेंद्रनाथ निवर्तले. त्यानंतर 1910 साली रवींद्रनाथांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याचा विवाह प्रतिमादेवी या बालविधवेशी लावून दिला. घराण्यातील हा पहिला विधवाविवाह होय. प्रतिमादेवींची आई विनयिनी ही योगमाया देवींची नात होती. म्हणजे ही सून आली ती देव घेऊन गेलेल्या त्या शेजारच्या घरातून.