तारखेमागचा पुरावा : इतिहासाच्या पदवीबद्दलचे गैरसमज

बारावीनंतर बी.ए.ला इतिहास घ्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो नोकरीचा आणि दुसरा, 'सनावळ्या पाठ करून मिळणार काय?' हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची नेहमीची उत्तरं मात्र काही समजुतींवर उभी आहेत आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच आहे. शाळेत इतिहास तयार निष्कर्षांच्या रूपात भेटतो. त्या निष्कर्षांपर्यंत कोण, कशाच्या आधारे पोचलं, हे तिथे क्वचितच दिसतं. विद्यापीठातला इतिहास त्या आधारापासून सुरू होतो. पुरावा शोधणं, तोलणं आणि त्याला पेलेल तेवढंच विधान करणं, ही या पदवीची खरी शिकवण आहे. ती नजरेआड केली की पुढचे गैरसमज आपोआप तयार होतात.

गैरसमज : इतिहास म्हणजे सनावळ्यांचं पाठांतर

शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीखच घ्या. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र शके 1549 चा वैशाख, म्हणजे 1627 चा एप्रिल, हीच जन्मवेळ रूढ होती. तिला बखरींचा आधार होता. 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली प्रसिद्ध केली. तीत शके 1551 मधल्या फाल्गुन वद्य तृतीयेची नोंद होती. पण एका कागदाने असा प्रश्न सुटत नाही. शकावलीतल्या इतर नोंदी दुसऱ्या कागदपत्रांशी जुळतात का, तिथी आणि वार गणिताने बसतात का, हे तपासावं लागलं. परमानंदाच्या 'शिवभारत' या शिवकालीन संस्कृत काव्यात तीच तिथी मिळाली आणि जोधपूरला सापडलेल्या जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. तरीही वाद दीर्घकाळ चालला. राज्य शासनाने ही तारीख स्वीकारली ती 2001 मध्ये. ही तारीख पाठ करणाऱ्याला एक माहिती मिळते. ती कशी ठरली हे समजून घेणाऱ्याला कळतं की घटनेनंतर शे-दीडशे वर्षांनी लिहिलेली बखर आणि त्या काळाशी जवळचा संबंध असलेल्या घराण्यातली टिपणं यांना सारखं वजन देता येत नाही. तारखा लागतातच; आधी काय घडलं आणि नंतर काय, हे ठाऊक नसेल तर कारण आणि परिणाम यांबद्दल बोलताच येणार नाही. पण तारीख हे अभ्यासाचं साधन आहे, अभ्यास तिच्यापाशी संपत नाही.

गैरसमज : इतिहास म्हणजे राजे आणि लढाया

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. दंग्यांचं लोण लवकरच आसपासच्या गावांत आणि अहमदनगर जिल्ह्यात पोचलं. या घटनेचा अभ्यास करायचा तर अमेरिकेपर्यंत जावं लागतं. 1861 ते 1865 या काळात तिथे यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस ब्रिटनला मिळेनासा झाला, इथल्या कापसाला भाव आला आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपताच भाव पडले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास सरकारने सारा मात्र वाढवला. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालात शेतकऱ्यांचे आणि सावकारांचे जबाब आहेत, भाव, व्याज आणि साऱ्याचे आकडे आहेत. इतकी सामग्री असूनही आयोगाने मुख्य ठपका सावकारांवर ठेवला, साऱ्यावर नाही. सरकारने नेमलेला आयोग सरकारच्याच सारावाढीला कितपत दोष देईल, हा प्रश्न इथे विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. मग त्या अहवालाशेजारी पुण्याच्या सार्वजनिक सभेची भूमिका ठेवायची, महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेला 'शेतकऱ्याचा असूड' ठेवायचा, 1879 चा शेतकरी संरक्षणाचा कायदा वाचायचा आणि ताळा घ्यायचा. या अभ्यासात एकही राजा नाही. शेती, बाजार, कायदा आणि सत्ता मात्र एकाच प्रश्नात एकत्र येतात.

गैरसमज : इतिहास लिहून झाला आहे, उरली आहेत ती मतं

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड निघाले, तरी मूळ दफ्तराच्या मानाने हा भाग लहानच आहे. बहुतेक कागद मोडीत आहेत आणि मोडी सफाईने वाचणारे थोडे. त्यामुळे वतनं, वसुली, बाजारभाव, जातपंचायतींचे निवाडे, गावातले तंटे यांवरचं कितीतरी काम अजून व्हायचं आहे. यावर उलट बाजूने आक्षेप येतो : नवा कागद सापडला की निष्कर्ष बदलणार असेल, तर इतिहास म्हणजे ज्याचं त्याचं मतच की! तसं नाही. जन्मतारीख 1627 वरून 1630 वर आली ती अधिक भक्कम पुरावा पुढे आला म्हणून. कोणाच्या आवडीमुळे नव्हे. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली, यावर वाद नाही. पराभवाच्या कारणांवर आहे, पण तिथेही कुठलंही मत चालत नाही. मराठ्यांविरुद्ध लढलेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेली हकिकत वापरायची, तर तो कोणाच्या छावणीत होता आणि किती उशिरा लिहीत होता, हे आधी जमेस धरावं लागतं. मग तिच्याजवळ त्या वेळची मराठी पत्रं ठेवावी लागतात. निष्कर्ष बदलायला खुला असणं आणि बिनबुडाचा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासावरून आज जी भांडणं होतात, त्यांत नेमका हाच फरक हरवलेला दिसतो.

गैरसमज : नोकरी नाही; फार तर स्पर्धा परीक्षेसाठी उपयोग

यातल्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. त्याच्या दोन पेपरांना मिळून 500 गुण असतात, पण तो घ्यायला इतिहासाचीच पदवी लागत नाही. म्हणजे केवळ परीक्षेसाठी ही पदवी घेणं आवश्यक नाही आणि यशाची हमी तर ती मुळीच देत नाही. नोकरीबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं. पुराभिलेख, पुरातत्त्व आणि संग्रहालयं या क्षेत्रांत जागा थोड्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी पुढचं शिक्षण लागतं. शाळेत शिकवायला बी.एड., महाविद्यालयात शिकवायला एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते. या पदवीचा मोठा उपयोग होतो तो परस्परविरोधी कागद वाचून, त्यांतून नेमकं विधान करून ते सुबोध लिहायचं असतं तिथे : वकिलीत, पत्रकारितेत, प्रशासनात, संपादनात. पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम खुला असतोच. जुने कागद वाचता येण्याची गरजही संपलेली नाही. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची निकड अवघ्या राज्याला जाणवली.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी. हे सगळं कागदावर ठीक आहे; प्रत्यक्षात कित्येक वर्गांत नोट्स सांगितल्या जातात, विद्यार्थी गाइड वाचून पास होतो, मग पुरावा तोलायला शिकतो कुठे? हे वास्तव नाकारून चालणार नाही. शिवाय दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती होते, सेतुमाधवराव पगडी प्रशासकीय सेवेत होते. इतिहासात मोलाचं काम करणारे सगळेच इतिहासाच्या वर्गातून आले नाहीत. पण हे दोघेही मूळ साधनं आणि त्यांच्या भाषा यांच्याशी स्वतः झटले होते. ती शिस्त कोणालाही आपोआप येत नाही. ती अठराव्या वर्षी, चुका दाखवणाऱ्या शिक्षकांच्या देखरेखीखाली मिळावी यासाठीच पदवी असते. नोट्सवर भागवणारा वर्ग त्या उद्देशात कमी पडतो. त्याचा दोष विषयाच्या माथी मारणं योग्य नाही. म्हणून प्रवेश घेताना महाविद्यालयाला थेट विचारावं : पहिल्या वर्षापासून मूळ साधनं वाचून घेता का? प्रकल्पासाठी विद्यार्थी पुरालेखागारात, संग्रहालयात, गावात जातात का? निबंध लिहून घेऊन त्यातल्या पुराव्यांवर चर्चा होते का? मोडी शिकायची सोय आहे का? उत्तरं होकारार्थी असतील, तर त्या विद्यार्थ्याला कोणत्याही दाव्यासमोर 'हे कशावरून?' असं विचारण्याची आणि उत्तर तपासण्याची सवय लागेल. खोटे दावे क्षणात पसरतात अशा काळात ही सवय त्याला स्वतःला उपयोगी पडेलच, पण तिची गरज त्याच्याइतकीच समाजालाही आहे.