गाडीचं दार कुरकुरतंय? स्प्रे मारण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय ते बघा

रात्री उशिरा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडलं आणि 'किर्रर्र' आवाज पहिल्या मजल्यापर्यंत गेला, हा अनुभव अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अनेकांना असतो. मग कोणीतरी सुचवतं, "डब्ल्यूडी-४० मार, आवाज बंद." स्प्रे मारला जातो, काही दिवस शांतता असते आणि नंतर दार पुन्हा कुरकुरायला लागतं. असं का होतं? आणि हा आवाज कायमचा घालवायचा तर काय करायचं?

आवाज येतो कुठून?

गाडीचं प्रत्येक दार साधारण दोन बिजागऱ्यांवर उभं असतं. बिजागरीचा एक भाग गाडीच्या खांबाला, दुसरा दाराला आणि दोघांच्या मधून जाते एक पिन. या पिनभोवती ग्रीसचा पातळ थर असतो. तो वाळला किंवा धुऊन गेला की धातूवर धातू घासतो आणि आवाज येतो.

पण दरवेळी दोष बिजागरीचाच असतो असं नाही. दोन बिजागऱ्यांच्या मध्ये एक पट्टी असते. दार अर्ध्यावर धरून ठेवणारी ही पट्टी म्हणजे स्टॉपर. तो कोरडा पडला की 'कट-कट' असा आवाज येतो. तिसरा संशयित म्हणजे दाराच्या कडेने फिरणारं रबर, म्हणजेच बिडिंग. ते कोरडं झालं की दार उघडताना चिकटल्यासारखा आवाज करतं आणि गाडी खड्ड्यातून गेली की चूं-चूं करतं.

उपनगरातच जास्त त्रास का?

पहिलं कारण पाऊस. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदवला जातो. गाडी उघड्यावर उभी असेल तर हे पाणी थेट बिजागऱ्यांपर्यंत पोहोचतं. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, तर दाराच्या खालच्या भागात चिखलही जातो.

दुसरं कारण मीठ. बोरिवलीच्या बाजूला गोराईची खाडी, मुलुंड-भांडुपच्या बाजूला मिठागरं आणि ठाण्याची खाडी. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. पावसाळ्यात उपनगरातली आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणजे पाऊस थांबला तरी धातूवर खारट ओल टिकून राहते आणि गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पिन हळूहळू आवळली जाते. त्यात बांधकामांची धूळ मिसळली की ग्रीसचा सँडपेपर होतो.

मग डब्ल्यूडी-४० चुकीचं आहे का?

नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये रॉकेट केमिकल कंपनीने ते बनवलं. 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमलं म्हणून ४०. अॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते सुरुवातीला वापरलं गेलं. ते ओल काढतं, गंज सैल करतं आणि थोडं वंगणही देतं. पण हा थर पातळ असतो, मुंबईच्या पावसात तो फार टिकत नाही. म्हणून स्प्रे ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही.

घरच्या घरी कसं करायचं?

१. आधी आवाज शोधा. एकाने दार हळू उघडावं-मिटावं, दुसऱ्याने बिजागरीजवळ कान न्यावा. मात्र हलत्या दाराच्या फटीत बोटं घालू नका. रबरावर संशय असेल तर त्याला साबणाचं पाणी लावा. आवाज थांबला तर दोषी रबर.

२. बिजागरी साफ करा. जुना टूथब्रश आणि फडक्याने माती काढा. मग स्प्रेची नळी पिनच्या वरच्या आणि खालच्या टोकाला धरून थोडासा स्प्रे मारा. दहा मिनिटांनी काळं पाणी पुसून घ्या.

३. आता खरं वंगण. व्हाइट लिथियम ग्रीस पिनच्या दोन्ही टोकांना लावा. दार दहा-पंधरा वेळा उघडा-मिटा, म्हणजे ग्रीस आत जाईल. बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसेल आणि कपड्यांना डाग पडतील.

४. स्टॉपरच्या पट्टीवरही ग्रीसचा पातळ हात फिरवा.

५. रबराला ग्रीस किंवा डब्ल्यूडी-४० लावू नका. पेट्रोलियम तेलाने दाराचं रबर फुगतं आणि ढिलं पडतं. ओल्या फडक्याने पुसून त्याला सिलिकॉन स्प्रे लावा.

स्वयंपाकाचं तेल मात्र नकोच. हवेशी संयोग होऊन ते चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं. स्प्रेचा डबाही उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. तो दाबाखाली भरलेला आणि ज्वलनशील असतो.

ग्रीसने भागणार नाही, हे कसं ओळखायचं?

दार अर्धवट उघडा, बाहेरच्या टोकाला धरून वर उचला. दार खालीवर हललं, तर पिन किंवा तिच्याभोवतीचं बुश झिजलेलं आहे. अशा दाराचं कुलूप नीट बसत नाही, ते लावायला जोर लागतो आणि कधी ते अर्धवटच लागलेलं राहतं. चालत्या गाडीत, तेही मागे मुलं बसलेली असताना, हे धोक्याचं आहे.

दार अर्ध्यावर थांबत नसेल तर तेही आवाजापुरतं घेऊ नका. एस. व्ही. रोड किंवा एल. बी. एस. मार्गावर कडेला गाडी लावून दार उघडलं आणि ते झपकन पूर्ण बाहेर गेलं, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही.

या दोन्ही बाबतीत बिजागरीचे बोल्ट स्वतः सैल करू नका. दाराची रेषा बिघडली तर ती पुन्हा जुळवणं घरच्या पान्याचं काम नाही. पिन, बुश किंवा स्टॉपर गॅरेजमध्ये बदलून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

बाकी दारांसाठी वर्षातून दोनदा अर्धा तास पुरतो. एकदा मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, आणि एकदा ऑक्टोबरमध्ये, तो गेल्यावर. मागची दारं विसरू नका. ती कमी उघडली जातात, म्हणून तिथला गंज उशिरा लक्षात येतो.