ओडसालचा खड्डा आणि रॉय फ्रान्सिसची एकच कसोटी

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या लोकरगिरण्यांच्या शहरात ओडसाल नावाचे मैदान आहे. मैदान कसले, भलामोठा खड्डाच. पूर्वी इथे खाण होती, मग शहराचा कचरा पडू लागला. त्याच कचऱ्याचे थर दाबून कडेचे उतार रचले आणि 1934 मध्ये रग्बी लीग सुरू झाले. हा तेरा जणांचा, कामगारांचा खेळ. खाडा पडला तर मजुरीची भरपाई मिळावी, एवढ्यासाठी उत्तरेच्या क्लबांनी 1895 मध्ये वेगळी चूल मांडली होती.

5 मे 1954 ला चॅलेंज कप या रग्बी लीग स्पर्धेच्या फेरसामन्याला इथे 1,02,569 माणसे आल्याची नोंद आहे. आपले वानखेडे तीनदा भरावे, एवढी!

मला मात्र ओडसाल आठवते ते 1947 च्या डिसेंबरसाठी. न्यूझीलंडविरुद्धची तिसरी कसोटी होती. कपडे बदलायच्या खोल्या उताराच्या माथ्यावर, त्यामुळे खेळाडूंना गर्दीतून पायऱ्या उतरून खाली यावे लागे. त्या दिवशी उतरणाऱ्यांत रॉय फ्रान्सिस होते. वेल्समधल्या ब्रिनमॉरचे, बॅरो क्लबचे विंगर, ब्रिटनकडून कसोटी खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. ब्रिटन 25-9 ने जिंकले, त्यातले दोन ट्राय, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवून मिळवलेले गुण, त्यांचे.

पुन्हा बोलावणे आले नाही. आदल्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातूनही त्यांना वगळले होते. तिथे तेव्हा गोऱ्यांपुरते धोरण होते आणि यजमानांची अडचण नको म्हणून त्यांचे नाव कापले, असेच मानले जाते. पदार्पणात दोन ट्राय करणाऱ्याची कसोटी कारकीर्द ऐंशी मिनिटांत संपावी, हा उघड अन्याय होता.

पुढे ते प्रशिक्षक झाले, आणि काळाच्या पुढचे झाले. सामन्यांच्या फिल्म दाखवून चुका समजावणे, खेळाडूंच्या घरच्यांनाही सामन्याला आणणे, हे त्यांनी तेव्हा केले. हल संघाला 1956 आणि 1958 मध्ये अजिंक्यपद, लीड्सला 1968 मध्ये चॅलेंज कप मिळाला तो त्यांच्या हाताखाली.

2023 मध्ये ब्रिनमॉरला त्यांचा पुतळा उभा राहिला. कधी ब्रॅडफर्डला जाणे झाले, तर ओडसालच्या सर्वांत वरच्या पायरीवर जरूर उभे राहा. फ्रान्सिस त्या दिवशी तिथूनच खाली उतरले होते.