दगडातलं पाणी

इंदापूर तालुक्यात माझ्या लहानपणी विहीर खणणं म्हणजे दोन-तीन उन्हाळ्यांचं काम. सुरुंगाचा बार झाला की मोठी माणसं पाणी लागलं का पाहायची आणि आम्ही पोरं वर आलेल्या डबरात चमकणाऱ्या गारा हुडकायचो. एकदा मामूंनी नारळाएवढा दगड हातात दिला. बाहेरून काळा, ओबडधोबड. आतल्या पोकळीत मात्र फिकट गुलाबी पाकळ्यांचा झुबका. अम्मीनं तो भांड्यांच्या फळीवर मांडला.

हा झुबका तिथं आला कसा? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं ऊन पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक धरले. आमच्या दगडातल्या पाकळ्या स्टिल्बाइटच्या. हे झिओलाइट कुळातलं खनिज. १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानं असा दगड तापवला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. स्फटिकाच्या घडणीतच पाणी असतं! आमचे लोक कोरड्या विहिरीत पाणी शोधत होते आणि ते असं दगडात बसलं होतं. पण त्याला मोट कोण लावणार?

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस गर्द निळं कॅव्हनसाइट निघालं. ते आधी, १९६७ साली, अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं होतं. पण जगभरचे संग्राहक नाव घेतात ते वाघोलीचं. असे नमुने पाहायचे असतील तर के. सी. पांडे यांनी सिन्नरला २००१ साली उभारलेलं गारगोटी संग्रहालय जरूर पाहा. बाकी किती खडीच्या क्रशरमध्ये गेले, त्याची मोजदाद नाही.

कुणाला छंद लागलाच तर दोन गोष्टी सांगतो. सुईसारखे स्फटिक कापसात गुंडाळू नका. धागे अडकतात आणि काढताना सुया मोडतात. ॲसिडनं धुऊ नका. आणि चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

तिसरी गोष्ट मला एका मुलीनं शिकवली. बारामतीच्या एका शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात मी अम्मीचा दगड ठेवला होता. तिनं विचारलं, ‘‘काका, कुठल्या विहिरीतला? कितव्या फुटावरचा?’’ मी गप्प. नमुना कोणत्या थरातून आला हे ठाऊक नसेल, तर अभ्यासकाला त्यातून फारसं काही कळत नाही. उरते ती शोभेची वस्तू. मामू आता नाहीत. तेव्हा त्यांना विचारायचं सुचलं नाही.

आता कवितेच्या वहीच्या मागच्या पानांवर मी दगडांची नोंद ठेवतो : गाव, गट नंबर, खोली, तारीख, कुणाला सापडला. पहिली ओळ अम्मीच्या दगडाची. ‘तालुका इंदापूर’ एवढंच लिहिलंय. पुढचे रकाने कोरे आहेत.