पांढरी पाच, काळी चार

बारावीला मी नांदेडात होतो आणि जिवलग मित्र लातूरला, क्लासजवळच्या खोलीवर. दोघांकडेही ‘डीप पर्पल’ या रॉक बँडच्या ‘मेड इन जपान’ची कॅसेट होती, कुणाकुणाकडून भरून घेतलेली. दिवाळीच्या सुट्टीत त्याची कॅसेट आमच्या टेपवर लावली, तर ‘स्मोक ऑन द वॉटर’चा पहिलाच स्वर चढा वाटला. वडिलांची भजनाची पेटी पुढे ओढली. माझ्या कॅसेटवर गिटार पांढरी पाचवर सुरू होत होती, त्याच्या कॅसेटवर काळी चारवर.

कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी. भरताना यंत्र मंद चाललं, तर नीट चालणाऱ्या टेपवर तेच गाणं धावू लागतं. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि तासाभराचं वादन साडेछप्पन्न मिनिटांत उरकतं. त्या रात्री कलाकार जोशात होते असं आपल्याला वाटतं, पण तो जोश कधीकधी मोटरचा असतो. दोन मैफली ताडून बघायच्या तर आधी सूर जुळवून घ्यावा, मग मत बनवावं. ही सवय मला त्या पेटीने लावली.

‘मेड इन जपान’ मुळात तीन रात्रींचं ध्वनिमुद्रण आहे : 1972च्या ऑगस्टमध्ये 15 आणि 16 तारखेला ओसाका, 17ला टोकियोचं बुडोकान. आठ ट्रॅकच्या यंत्रावर मार्टिन बर्च यांनी ते केलं. तबकडीवर सातच गाणी आली. त्यातली चार ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची, दोन टोकियोची आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ तेवढं पहिल्या रात्रीचं. 1993मध्ये तिन्ही रात्रींचं बहुतेक वादन तीन सीडींच्या संचात निघालं, तेव्हा कुठे आम्हाला एकच गाणं तीनदा, लागोपाठ ऐकता आलं.

‘स्पेस ट्रकिन’’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे, मंचावर ते वीस मिनिटांच्या घरात जातं. जॉन लॉर्ड ऑर्गनवर एक जागा पकडतात, तिच्याभोवती फिरतात, ती मोडतात, पुन्हा बांधतात. बडा ख्याल ऐकलेल्या माणसाला ही बढत समजावून सांगावी लागत नाही. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतात आणि इयन गिलन तो गळ्यातून परत करतात. हा सरळ सवाल-जवाब. रात्रीगणिक सवाल बदलतो, म्हणून जवाबही नवा. तिन्ही रात्री ऐकाव्यात त्या या भागासाठी. पाठ केलेलं कुठवर आणि सुचलेलं कुठून, हे दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात उलगडत जातं.

नांदेडच्या मातीतले पंडित नाथराव नेरळकर ज्यांनी समोर बसून ऐकले, त्यांना यात नवल वाटणार नाही. राग तोच, बंदिश तीच, तरी कालचं गाणं आज नसतं. आमच्याकडच्या घराघरांत मैफलींच्या कॅसेट जपल्या गेल्या त्या याच ओढीने. मला तर रॉक ऐकण्याचा कान पेटीनं आणि भजनानंच दिला.

मित्राशी वाद आहे तो टोकियोवरून. त्या दौऱ्यातला सर्वांत रंगलेला कार्यक्रम बुडोकानचा, असं खुद्द बँडचं मत होतं, आणि मित्र तेच धरून बसलाय. माझा कौल 16च्या ओसाकाला. तिथे प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं आणि ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये गिलन यांचा आवाज चढत जातो तेव्हा अंगावर काटा येतो. मागच्या महिन्यात तो अहमदपूरमार्गे एसटीने आला, संच घेऊन. टोकियोची सीडी लावायच्या आधी त्यानेच कोपऱ्यातली पेटी ओढली आणि पांढरी पाच दाबून धरली.